काकांच्या विंडोजमध्ये लिनक्सची अवजारं

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला दोन भाषांत वावरण्याचं काही विशेष वाटत नाही. वर घरात आईशी मराठी, खाली दुकानात गुजराती. जिना उतरताना भाषा बदलते, त्यासाठी घर बदलावं लागत नाही. संगणकावर मात्र बरीच वर्षं घरच बदलावं लागायचं. विंडोज बंद करा, मशीन पुन्हा चालू करून लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीत, जा, काम उरका, परत या. ही ये-जा आता करावी लागत नाही, आणि आपल्या मराठी कामासाठी ही गोष्ट किती मोलाची आहे ते मला आज सांगायचंय.

माझ्या ओळखीतल्या एका डीटीपीवाल्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्या, काकांपासून सुरुवात करतो. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, श्रद्धांजलीची पत्रकं यांत त्यांचं आयुष्य गेलं. एका मंडळाला जुन्या स्मरणिका शोधता येतील अशा रूपात हव्या होत्या. फाइली पेजमेकरच्या, म्हणजे ज्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, त्या प्रोग्रामच्या. काकांकडे तो विंडोजवर, त्यांच्या एका जुन्या मशीनवर अजून चालतो. मी लिनक्सचं नाव काढलं तेव्हा काका म्हणाले, "बेटा, काय करायचं ते कर, पण माझं मशीन हलवू नकोस." मला ते पटलं. माणसाचा हात ज्या कळफलकावर बसलाय, तिथून त्याला उठवायचा आपल्याला काय अधिकार?

आता अडचण कुठे होती ते नीट बघू. जुन्या मराठी फॉन्टमध्ये 'क' असा साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याला 'क'चं रूप देतो. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर अगम्य होतो. बरं, एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागतं का? नाही. 'किती' टाइप करताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, 'क' आधी आणि वेलांटी नंतर, जसं आपण उच्चारतो. रफाराचं याच्या उलट. 'सर्व' लिहिताना जुना टायपिस्ट 'व' काढून त्याच्यावर रफार ठेवायचा. युनिकोडमध्ये तो 'र' हलन्त होऊन 'व'च्या आधी येतो. म्हणजे प्रत्येक शब्दात अक्षरं उचलून हलवायची. हे हातानं करायला बसलं तर एका स्मरणिकेला महिना जाईल.

अशा कामासाठी युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स जिच्या वळणावर बेतलंय त्या जुन्या प्रणालीच्या, जगात छोटी छोटी अवजारं फार पूर्वीपासून आहेत. आयकॉन्व्ह एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, बदलतं, सेड आणि पर्ल नमुना ओळखून मजकूर फिरवतात, ग्रेप शोधतं. एकाचं काम झालं की ते पाइपमधून दुसऱ्याच्या हाती जातं. यातली बरीचशी विंडोजवर सुटी सुटी मिळतात, हे खरं आहे. पण प्रत्येकाची मांडणी वेगळी, पाथ (फाइलीचा पत्ता) वेगळा. चार अवजारं एका ओळीत जोडायला गेलं की त्यातच दिवस सरतो.

ही गरज जुनी आहे. विंडोजवर युनिक्सची अवजारं आणणाऱ्या सिग्विनची सुरुवात १९९५ची. उलट दिशेनं, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनची १९९३ची, आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! त्या चिकाटीपुढे मी मनापासून नमस्कार करतो. काकांचं डीटीपी वाइनमध्ये चालवून बघण्याचा विचार आम्हीही केला, पण मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्यासाठी मशीनला लावायची छोटी किल्ली, तिथे ओळखलं गेलं नाही, म्हणून तो रस्ता सोडला.

मग उरलं विंडोजमध्येच मिळणारं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय. २०१६ साली ते पहिल्यांदा आलं तेव्हा आत लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नव्हतंच, एक दुभाष्या होता. लिनक्सचा प्रोग्राम काही मागायचा आणि तो दुभाष्या ती मागणी विंडोजच्या भाषेत सांगायचा. बडोद्याच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, इथे राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, 'सयाजीशासन शब्दकल्पतरू'. एकाच कचेरीत अनेक भाषा नांदवायच्या तर शब्दाला शब्द नेमून द्यावा लागतो. पण जिथे प्रतिशब्दच नाही तिथे दुभाष्या अडतो, आणि या पहिल्या आवृत्तीचंही काही ठिकाणी तेच झालं. दुसरी आवृत्ती २०२० साली लोकांच्या हातात आली. तिच्यात हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात, खरं लिनक्स कर्नल चालतं. दुभाष्याऐवजी त्या भाषेचा माणूसच घरी राहायला आला म्हणा.

काकांच्या मुलाचा विंडोजवाला लॅपटॉप नवा होता. त्यावर आम्ही हे बसवलं. काका आपल्या मशीनवर पेजमेकर उघडून मजकूर बाहेर काढायचे, पेन ड्राइव्हवरून तो लॅपटॉपवर यायचा आणि पुढचं काम लिनक्सच्या खिडकीत. तिथून तयार झालेली फाइल पुन्हा विंडोजच्या वर्डमध्ये, तपासायला.

एक पूर्ण दिवस मात्र वाया गेला. मी अक्षरं फिरवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, नोटपॅडमध्ये सुधारली होती आणि लिनक्स म्हणत होतं, अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसतेय! कारण निघालं ओळीच्या शेवटचं. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन क्रिया असतात: गाडी डावीकडून परत सुरुवातीला आणायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोज अजूनही या दोन्हींच्या खुणा ठेवतं, लिनक्स फक्त दुसरीची. पहिली खूण लिनक्सला स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या प्रोग्रामच्या नावाचाच भाग वाटली. डॉस-टू-युनिक्स नावाच्या छोट्या अवजारानं ती क्षणात निघते. काकांना हे सांगितलं तर त्यांना लगेच समजलं, कारण त्यांनी टाइपरायटर वापरलाय.

आणखी दोन गोष्टी सांगतो. विंडोजच्या ड्राइव्हवरच्या शेकडो छोट्या फाइली लिनक्सकडून वाचायला घेतल्या तर काम रखडतं. त्या आधी लिनक्सच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, फरक डोळ्यांना दिसेल. आणि हे व्हर्च्युअल मशीन निम्मी रॅम घेऊ शकतं, म्हणून चार जीबीच्या लॅपटॉपवर त्याला मर्यादा घालून द्या.

सगळ्या स्मरणिका युनिकोडमध्ये आल्या त्या संध्याकाळी काकांना म्हटलं, पहिला शोध तुम्ही घ्या. त्यांनी वडिलांचं नाव टाइप केलं. दोन अंकांत सापडलं, एकदा देणगीदारांत, एकदा नाटकाच्या पात्रांत. काका म्हणाले, "अजून एक असायला हवं. त्या वर्षी मीच जुळवलं होतं." मग मी ग्रेपला चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही वेलांट्या दिल्या. तिसरं नाव आलं. चुकीच्या वेलांटीचं होतं, त्यांच्याच हातचं. काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग वर्ड उघडून त्यांनी ती वेलांटी बदलली.