पाववाल्याचं थडगं

मंडळी, नमस्कार. रोमबद्दल बोलायचं तर बहुतेक जण सीझरपासून सुरुवात करतात. मी आज एका पाववाल्यापासून करणार आहे. रोम वाढलं कसं, तिथली माणसं रोज जगत कशी होती आणि ते ओसरलं कसं, या तिन्ही गोष्टी मला त्याच्या थडग्यापाशी उभं राहिल्यावर जितक्या कळल्या, तितक्या राजवाड्यांच्या अवशेषांत कळल्या नाहीत.

रोममध्ये पोर्ता माज्जोरे नावाची एक दगडी वेस आहे. आजूबाजूला ट्रामचे रूळ, गाड्यांचा गोंगाट. वेशीच्या अगदी तोंडाशी एक चमत्कारिक वास्तू उभी आहे. खाली उभे दंडगोल आणि वर ओळीने मोठमोठी गोल भोकं, परात मावेल एवढी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या कारखान्याचं धुराडं वाटलं होतं. ती भोकं म्हणजे कणीक मळायची भांडी असावीत असं जाणकार सांगतात. हे थडगं मार्कुस व्हेर्गिलिउस युरिसाकेस याचं. काळ इ.स.पू. ३० च्या आसपासचा. त्यावर त्याने स्वतःची ओळख कोरून घेतली आहे: पाववाला आणि ठेकेदार. त्याच्या ग्रीक नावावरून तो एकेकाळी गुलाम असावा आणि पुढे मुक्त झाला असावा, असा तर्क आहे. लढाया नाहीत, देव नाहीत. माणसाने आपला धंदा दगडात उभा केला.

आता जरा मागे जाऊ. सुरुवातीचे रोमन पाव खातच नव्हते म्हटलं तरी चालेल. ते धान्य कांडून त्याची पेज करायचे. पाववाल्याला लॅटिनमध्ये ‘पिस्तोर’ म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ कांडणारा. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की मॅसिडोनियाशी झालेल्या युद्धापर्यंत, म्हणजे साधारण इ.स.पू. १७० पर्यंत, रोममध्ये पाववालेच नव्हते. दळण-भाजण घरातल्या बायका करत. आपल्या आजीच्या जात्यासारखंच ते.

मग बदललं काय? रोम जिंकत गेलं आणि धान्य येत गेलं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहराशी झालेल्या पहिल्या युद्धानंतर, इ.स.पू. २४१ मध्ये, सिसिली हाती आलं आणि तिथला गहू सारा म्हणून येऊ लागला. पाठोपाठ सार्डिनिया, मग उत्तर आफ्रिका. वर्षानुवर्षं लढाईवर गेलेले शेतकरी परतले तेव्हा अनेकांच्या जमिनी बड्या लोकांच्या ताब्यात गेल्या होत्या. ते शहरात आले आणि मजल्यावर मजले चढवलेल्या इमारतींत भाड्याने राहू लागले. वरच्या खोल्यांत धड चूल नाही, आगीची भीती कायमची. अशा घरात पाव विकतच आणावा लागतो. राज्य वाढलं आणि चूल घराबाहेर गेली. रोमच्या उदयाचा हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राक्खस या लोकनेत्याने कायदा केला: नागरिकांना दरमहा ठरलेल्या स्वस्त दराने धान्य. आपल्याला समजेल असं सांगायचं तर रेशन. इ.स.पू. ५८ मध्ये ते फुकट झालं. सीझरने लाभार्थी मोजले तेव्हा ३ लाख २० हजार भरले. त्याने ते दीड लाखावर आणले. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात आकडा २ लाखांच्या आसपास स्थिरावला. माणशी महिन्याला ५ मोदियस, म्हणजे अंदाजे ३३ किलो गहू. युरिसाकेसचं थडगं उभं राहिलं त्याच सुमाराला, इ.स.पू. ३० मध्ये, ऑगस्टसने इजिप्त घेतलं. आता नाईलकाठचा गहू अलेक्झांड्रियाहून जहाजांत भरून इटलीला येऊ लागला. ही जहाजं उशिरा आली की सम्राटाची झोप उडायची. एकदा टंचाई असताना लोकांनी सम्राट क्लॉडियसला भर चौकात घेरून पावाचे तुकडे फेकून मारले होते. रोमच्या टायबर नदीच्या मुखाशी मोठं बंदर बांधायला घेतलं तेही त्यानेच.

थडग्याच्या माथ्यावर एक कोरीव पट्टी आहे. ती जवळून बघा. धान्य येतंय, त्याची नोंद होतेय. गाढवं जात्याभोवती फिरताहेत. माणसं पीठ चाळताहेत. लांब टेबलाशी ओळीने उभं राहून गोळे वळताहेत. एक जण लांब दांड्याच्या फळीने भट्टीत पाव सारतोय. शेवटी टोपल्या भल्यामोठ्या तराजूत तोलल्या जाताहेत. आपल्याकडची जुनी लाकडाची भट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. आणि आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पोर्तुगीजांचा ‘पांव’ लॅटिनच्या ‘पानिस’वरून. तेव्हा सकाळी दारात आपण जी हाक ऐकतो, तिचं मूळ या भट्टीपाशी पोचतं.

इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि त्यात गाडल्या गेलेल्या भट्ट्यांमधले पाव कोळसा होऊन टिकले. गोल, वरून आठ भागांत कापायच्या खुणा केलेले. तेव्हा गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावातल्या एका पावावर शिक्का आहे: क्विंतुस ग्रानिउस व्हेरुसचा गुलाम केलेर. ज्याच्या हातचा तो पाव, त्याचं नाव मालकाच्या नावासकट आपल्यापर्यंत आलं. एरवी या कामगारांची नावं उरत नाहीत. दुसऱ्या शतकातला लेखक अपुलेयस गिरणीतल्या गुलामांचं वर्णन करतो: कपाळावर डागलेली अक्षरं, अर्धं डोकं भादरलेलं, पायांत बेड्या, अंगभर पीठ. पट्टीवरच्या त्या नीटनेटक्या रांगेकडे बघताना मला ही माणसं विसरता येत नाहीत.

तरीही याच धंद्यातून वर यायची वाट होती. सम्राट ट्रेजनने, म्हणजे इ.स. १०० नंतरच्या काही वर्षांत, अर्धवट हक्क असलेल्या मुक्त गुलामांसाठी ठरवलं की रोममध्ये भट्टी घालून तीन वर्षं रोज किमान १०० मोदियस गहू दळला तर पूर्ण नागरिकत्व मिळेल. आता पुढच्या दोनशे-अडीचशे वर्षांनंतरचे कायदे बघा. पाववाल्याच्या मुलाने पाववालाच व्हायचं. पाववाल्याच्या मुलीशी लग्न केलं तर जावईही त्या धंद्याला बांधला गेला. किरकोळ गुन्ह्याची शिक्षा म्हणून माणसं भट्टीवर पाठवू लागले. जो धंदा सुटकेची वाट होता, तोच कोठडी झाला. रोम कधी पडलं, असं मला कुणी विचारतं तेव्हा पश्चिमेतला शेवटचा सम्राट पदच्युत झाला ते ४७६ साल सांगण्याआधी मी हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवतो.

असं का झालं? तिसऱ्या शतकात सम्राटामागून सम्राट मारले गेले, नाण्यातली चांदी जवळपास संपली. सम्राट ऑरेलियनने २७० नंतर गव्हाऐवजी तयार पावच वाटायला सुरुवात केली. त्यानेच शहराभोवती तटबंदी उभारायला घेतली. ज्या शहराला कित्येक शतकं नव्या तटाची गरज पडली नव्हती, त्याला आता ती पडली. पोर्ता माज्जोरे मुळात क्लॉडियसच्या जलवाहिन्यांची कमान होती. ती या तटात वेस म्हणून बसवली गेली. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल राजधानी झालं आणि इजिप्तचा गहू तिकडे वळला. रोमला मुख्य आधार उरला तो आफ्रिकेचा.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट होनोरियसच्या काळात वेशीवर नवे बुरूज चढले, आणि युरिसाकेसचं थडगं त्यातल्या एका बुरुजाच्या पोटात चिणलं गेलं. ४०८ मध्ये गॉथ या जर्मानिक लोकांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला, नदीवरची रसद तोडली. पावाचा वाटा आधी निम्मा झाला, मग एक तृतीयांश. वेढा उठवायला त्याने मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३ हजार पौंड मिरीही होती. मलबारच्या किनाऱ्यावरची मिरी रोममध्ये इतकी मुरली होती. दोन वर्षांनी शहर लुटलं गेलं. पण माझ्या मते खरा घाव ४३९ चा. व्हँडल या दुसऱ्या जर्मानिक टोळीने कार्थेज घेतलं आणि आफ्रिकेचा गहू हातचा गेला. लाखालाखांनी माणसं मग राहणार कशावर? ५३७ मध्ये गॉथांनी जलवाहिन्या तोडल्या तेव्हा पाण्यावर चालणाऱ्या गिरण्याही थांबल्या. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा सेनापती बेलिसॅरियस याने टायबरमध्ये नावा बांधून त्यांवर जाती बसवली आणि लोकांना पीठ दिलं.

१८३८ मध्ये ते बुरूज पाडले गेले आणि आतून थडगं बाहेर आलं. त्याच जागी एक शिलालेख सापडला आहे. तो युरिसाकेसने बायकोसाठी कोरून घेतला असावा. त्यात म्हटलंय: अतिस्तिया माझी बायको होती. फार चांगली बाई होती. तिच्या देहाचं जे काही उरलं, ते या पावाच्या टोपलीत आहे.