कागद हजर करण्याच्या आदेशावर अपील

मित्रहो, समोरच्याच्या कपाटातले कागद बघायला मागण्याचा हक्क दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये आहे (संहितेतला 'आदेश' म्हणजे नियमांचं एक प्रकरण). नियम १२ खाली कोणते दस्तऐवज जवळ आहेत ते शपथेवर सांगायला लावता येतं, नियम १४ खाली ते हजर करायला. कोर्टाने तसा आदेश केला की अशील लगेच विचारतो, 'साहेब, वर जाता येईल ना?'

अपिलात, नाही. अपील चालणाऱ्या आदेशांची यादी कलम १०४ आणि आदेश ४३ मध्ये आहे. कागद हजर करायला लावणारा कोर्टाचा आदेश तिच्यात बसत नाही. गंमत पुढेच आहे. आदेश पाळला नाही म्हणून नियम २१ खाली तुमचा दावा काढून टाकला किंवा बचाव रद्द केला, तर त्यावर मात्र अपील आहे! मग एखादा हुशार वकील म्हणतो, पाळूच नका, शिक्षा झाली की अपील करू. कृपा करून हा सल्ला देऊ नका. वादीचा दावा असा गेला तर त्याच कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही. हेतुपुरस्सर कसूर असल्याशिवाय बचाव रद्द करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बब्बर शिलाई मशीन कंपनीच्या खटल्यात म्हटलं खरं; पण ठरवून कसूर करणाऱ्याला त्याचा काय आधार?

आता रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाने आपल्या अधिकारकक्षेत राहून काम केलं का, हे हायकोर्टाने तपासणं. एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर हा १९७२ चा निकाल मुळातून वाचा. कपूर यांना निर्धन म्हणून कोर्ट फी न भरता दावा लावायचा होता. सेठी म्हणाले, यांच्या ऐपतीचे कागद उघड करा. खालच्या कोर्टाने तसा आदेश दिला, हायकोर्टाने रिव्हिजनमध्ये तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाला चुकीचं ठरवलं. खालच्या कोर्टाचं कायद्याचं वाचन चुकलं, एवढ्यावर रिव्हिजन होत नाही. चूक अधिकारकक्षेची लागते. पुढे २००२ पासून रिव्हिजनचं कलम ११५ आणखी आवळलं गेलं. व्यापारी दाव्यांत तर २०१५ च्या कायद्याने अंतरिम आदेशांवरचं रिव्हिजनच बंद केलं.

म्हणून सगळे 'रिट टाकू' म्हणतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या राधेश्याम निकालानंतर दिवाणी कोर्टाच्या आदेशावर राज्यघटनेचा अनुच्छेद २२६, म्हणजे हायकोर्टाचा रिटचा अधिकार, चालत नाही; फक्त अनुच्छेद २२७ खालची खालच्या कोर्टांवरची देखरेख. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच चालतात तिथे, एका न्यायाधीशाच्या निर्णयावर अपिलासाठी लेटर्स पेटंटचं (हायकोर्टाच्या सनदेचं) कलम १५ आहे. तिथे शाह बाबूलाल खिमजी हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निकाल आडवा येतो: आदेशाने मोलाच्या हक्काला थेट आणि तत्काळ धक्का बसायला हवा.

हे कडक धोरण मला बहुतांशी पटतं. नाहीतर एकेका वहीपायी दावा दहा वर्षं लोंबकळेल. कागद नाकारले गेले असतील, तर कलम १०५ खाली तो मुद्दा हुकूमनाम्यावरच्या, म्हणजे दाव्याच्या अंतिम निकालावरच्या, अपिलात घेता येतो. खटकतं ते वकील-अशील यांच्यातल्या गोपनीय पत्रव्यवहाराचं. विरोधकाने ते पत्र एकदा वाचलं, की पाच वर्षांनी अपील जिंकून काय मिळणार?

तेव्हा ही लढाई खालीच लढा. प्रतिज्ञापत्रात 'सर्व कागद गोपनीय' असं मोघम लिहू नका. कुठलं पत्र, कुणी कुणाला लिहिलेलं, विशेषाधिकार (ते न दाखवण्याचा हक्क) कशामुळे, ते एकेकाचं मांडा. नियम १९ खाली न्यायाधीशांनी तो कागद आधी स्वतः पाहावा, असा अर्ज द्या. आणि आदेश विरोधात गेला तर त्याच दिवशी, कोर्ट उठायच्या आत, २२७ खाली हायकोर्टात जाता यावं म्हणून त्याला स्थगिती मागा.