परग्रहवासी १९४३ मध्ये उतरले तर

नमस्कार, श्रोतेहो.

इतिहासाला वेगळं वळण देऊन परग्रहवासीयांशी युद्धाचं कॉमिक्स काढायचंय? मग आधी तारीख ठरवा. यानं, राक्षस, किरणास्त्रं सगळं नंतर. समजा, यानं उतरली जुलै १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना. त्या दिवसापर्यंतचा इतिहास जसाच्या तसा ठेवायचा. पुढे जे बदलेल, ते त्या एका घटनेमुळेच बदललं पाहिजे. दुसरीकडेही इतिहास वाकवलात, की वाचक म्हणणार, मग काय, काहीही चालतं!

तारीख ठरली की शस्त्रागारही ठरतं. त्या जुलैत सोव्हिएत टी-३४ रणगाड्यावर ७६ मिलिमीटरची तोफ होती. ८५ मिलिमीटरची लांब नळी काढलीत तर जाणकार तिथेच थांबेल, कारण ती १९४४ ची. जर्मनांच्या ८८ मिलिमीटर विमानवेधी तोफेचा परिणामकारक मारा साधारण ८ किलोमीटर उंचीपर्यंत. १५ किलोमीटरवरून जाणारं यान तिच्या आवाक्याबाहेरच. आणि अणुबॉम्ब? पहिली चाचणी १६ जुलै १९४५ ची. बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारी अमेरिकेतल्या हॅनफर्डची अणुभट्टी सुरू झाली सप्टेंबर १९४४ मध्ये. म्हणजे नायकाच्या हाती बॉम्ब द्यायचा, तर आधी हॅनफर्ड शत्रूच्या नजरेआड ठेवायला हवं. रणगाड्यांच्या दहा लढायांपेक्षा ही लपवाछपवी जास्त रंगेल.

आता चित्रकारांसाठी एक बारकावा. अमेरिकी लष्करी विमानांवर निळ्या वर्तुळात पांढरा तारा असे. त्याच्या मधोमध लाल ठिपका होता, तो मे १९४२ मध्ये काढून टाकला, कारण घाईत तो जपानी खुणेसारखा दिसे. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि भोवती लाल किनार. पुन्हा तीच अडचण, म्हणून त्याच वर्षी किनार निळी झाली. पण आपल्या कथेत यानं उतरल्यावर जपान आणि अमेरिका एका बाजूला आले असतील, तर किनार बदलायचं कारणच उरत नाही. तेव्हा १९४५ च्या प्रसंगातही ती लालच रंगवा. निवेदनाची चौकट न घालता इतिहास बदललेला दिसतो.

शत्रूचंही गणित मांडा. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या दगडात जवळपास त्याच्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते. वरून दगड टाकून शहरं संपवता येत असताना हे लोक खाली उतरतात कशाला? त्यांना कारखाने शाबूत हवेत? माणसं हवीत? की परतीचं इंधन नाही? उत्तर काहीही असो, पण पहिला अंक काढण्याआधी ते ठरलेलं हवं, कारण शत्रूची दुखरी नस तिथेच असते. जंतूंनी शत्रू मरण्याचा शेवट मात्र टाळा. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये तो येऊन गेला, आणि ते पुस्तक १८९८ चं आहे.

शत्रूचं मूळ यान ३०० किलोमीटर उंचीवर फिरत असेल, तर त्याची एक फेरी साधारण दीड तासाची. डोक्यावरून गेलं तरी एका जागेवरून ते आठ-दहा मिनिटंच दिसणार, आणि पुढच्या फेरीपर्यंत पृथ्वी खालून सुमारे साडेबावीस अंश सरकलेली असणार. पूल बांधणं, आगगाड्या हलवणं, सगळं दोन फेऱ्यांमधल्या, यान दिसत नसतानाच्या फटीत उरकायचं. घड्याळाची एक छोटी चौकट इथे मोठ्या स्फोटापेक्षा जास्त ताण आणते.

प्रमाण चुकलं तर मात्र सगळं खेळण्यातलं दिसतं. १५ सेंटिमीटर उंच चौकटीत ३० मीटरचं यंत्र पुरं मावलं, तर त्याच्या पायाशी उभा माणूस ९ मिलिमीटरचा आणि टी-३४ जेमतेम १२. सैनिकाचा चेहरा दाखवायचा असेल तर यंत्राचा फक्त पाय काढा.

शेवटी पानांचं. छापील अंकात पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणून वाचकाला दचकवायचं चित्र सम क्रमांकाच्या पानावर, म्हणजे पान उलटल्यावर. दोन पानी चित्र २-३ किंवा ४-५ वर बसतं. ३-४ वर आखलंत तर एकाच कागदाच्या पुढे-मागे छापलं जाईल. चेहरे आणि संवादाचे फुगे मधल्या शिवणीपासून दूर ठेवा. आणि जाहिराती कुठे पडणार, हे संपादकांना पेन्सिल हातात घेण्याआधीच विचारा. मध्ये एक पान शिरलं, की उजवीकडचं सगळं डावीकडे जातं.