उजनी मायनसमध्ये गेली की

(करमाळा तालुका. उजनी धरणाचं बॅकवॉटर, एप्रिलची सकाळ.)

नजर वर ठेवा. पंख मिटले... आणि हा सूर! चोचीत बोटभर चिलापी.

हा नदी सुरय. पिवळीधमक चोच, लाल पाय, डोक्यावर काळी टोपी, शेपटी मधोमध दुभंगलेली. हिवाळ्यात पर्यटकांच्या होडीमागे शेवेसाठी गोंगाट करणारे कुरव तुम्ही पाहिले असतील. हा त्यांच्याच कुळातला. कुरव लडाखकडून, मध्य आशियातून येतात आणि उन्हं तापली की परत जातात. (शेव हे काही पक्ष्याचं खाणं नव्हे, पण ऐकतो कोण!) सुरय मात्र इथलाच. सगळे कॅमेरे रोहितांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर रोखलेले असतात, म्हणून आमचा मुद्दाम याच्याकडे वळवला.

मासा त्याने स्वतः गिळला नाही, बघा. मादीपुढे उतरलाय, मान ताठ. ती लगेच दाद देत नाही. तो तिच्याभोवती एक फेरी मारतो, दुसरी मारतो. घेतला! डोक्याकडून आत, शेपूट शेवटी. जोडी जमली.

घर म्हणजे वाळूत पोट घासून केलेला खळगा. काडी नाही, गवत नाही. मातकट रंगाची, तपकिरी डागांची दोन-तीन अंडी. दोन पावलं मागे सरलात तर दिसणार नाहीत. दुपारी पारा चाळिशीच्या पार, वाळूवर अनवाणी पाय ठरत नाही. मग मादी उठते, पाण्यात पोट भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. थोड्या वेळाने पाळी नराची.

(बेट, दुरून.)

हे बेट पावसाळ्यानंतर पाण्याखाली असतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. उन्हाळ्यात कालव्याला आणि सोलापूरसाठी नदीत पाणी सुटतं, पातळी उतरते. पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं, 'उजनी मायनसमध्ये' असं पेपरात छापून आलं की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो. सुरयांना मात्र तेव्हाच जागा मिळते. काठावर टिटवी आणि शेकाट्याही असेच उघड्यावर अंडी घालतात.

पाणी फारच हटलं की बेट काठाला जोडलं जातं, कुत्री पोचतात, गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली शेती, सुरू होते. अवकाळीने पाणी चढलं तर अंडी बुडतात. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत नदी सुरय आज 'असुरक्षित' गटात आहे.

(पिल्लं. वाळूच्याच रंगाची, पाण्याच्या कडेने पळताना.)

एप्रिल-मेमध्ये होडी बेटाला लावू नका. माणूस उतरला की अख्खी वसाहत उडते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. दुर्बीण असली तर काठावरून सगळं दिसतं. आम्हीही तिथूनच शूट केलंय.