दोन विजय, आठ पराभव : मार्शलचा १९७१चा हंगाम

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी फोनवर ‘एका कॉलेजच्या टीमचा हंगाम’ एवढंच सांगितलं होतं. पत्रिकेत त्यापुढे ‘एक यशोगाथा’ असं छापून आलंय. तेवढं कृपा करून खोडा. मी जिच्याबद्दल बोलणार आहे ती टीम दहा सामने खेळली आणि आठ हरली. त्यातही थोडक्यात हरली म्हणावं, तर तसंही नाही. एक सामना ६६-६ असा गेला.

खेळ अमेरिकन फुटबॉल. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो चॅनल बदलता बदलता पाहिला असेल आणि पुढचा चॅनल लावला असेल. मीही तेच करायचो. मुलगी ओहायोत राहायला गेली, तिच्याकडे हिवाळ्यात घरात बसून राहावं लागलं, तेव्हा जावयाने मला धरून शिकवला. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. लांबून लाथ मारून खांबांमधून काढला तर तीन. बाकीचे बारकावे जावयालाही नीट येत नव्हते.

तिकडे कॉलेजची टीम म्हणजे आपल्यासारखी गॅदरिंगपुरती टीम नसते. ज्या गावात व्यावसायिक संघ नाही, तिथे कॉलेजची टीम हीच गावाची टीम. जत्रेतल्या कुस्तीला जसं गाव लोटतं, तसं शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर लोटतं. डॉक्टर, नगरसेवक, दुकानदार, सगळे वर्गणी देतात आणि बाहेरगावच्या सामन्यांनाही टीमबरोबर जातात.

आता एक नियम सांगतो, तो तेवढा लक्षात ठेवा. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए नावाची संस्था आहे. त्या काळी तिचा दंडक होता की पहिल्या वर्षाच्या मुलाने फुटबॉलच्या मुख्य संघातून खेळायचं नाही. त्यांची वेगळी टीम, त्यांचे वेगळे दोन-चार सामने. पोरगा आधी कॉलेजात रुळू दे, अभ्यासाला लागू दे, असा विचार. नियम तसा कंटाळवाणाच. आज मात्र मी फिरून फिरून त्याच्याकडेच येणार आहे.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी हंटिंग्टन नावाचं शहर आहे. तीन राज्यांच्या सीमा तिथे जवळ येतात. १९७०च्या जनगणनेत लोकवस्ती साधारण ७४ हजार. तिथलं मार्शल विद्यापीठ. त्याच्या फुटबॉल टीमचं त्या वेळी नाव काही फार चांगलं नव्हतं. १९६९पर्यंत सलग २७ सामने एकही विजय नाही, आणि त्याच वर्षी खेळाडू भरताना नियम मोडले म्हणून त्यांच्या गटातून हकालपट्टी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यानंतर लोक या टीमबद्दल असं बोलायला लागले की जणू ती आधीपासूनच देव्हाऱ्यात होती.

१४ नोव्हेंबर १९७०, शनिवार. टीम नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध १७-१४ अशी हरली आणि भाड्याच्या डीसी-९ विमानाने परत निघाली. एरवी ही टीम बसने फिरायची, विमानप्रवास क्वचित. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, पाऊस आणि धुक्यात, धावपट्टीच्या साधारण मैलभर अलीकडे विमान टेकडीवरच्या झाडांना लागलं आणि कोसळलं. ७५ माणसं होती. एकही वाचलं नाही. धावपट्टी नजरेस पडली नसताना वैमानिक ठरलेल्या उंचीच्या खाली आले, एवढं चौकशीत निघालं. उपकरण वाचताना चूक झाली की उपकरणच चुकलं, याचा निकाल लागला नाही.

त्यांत ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक आणि गावची मोठी मोठी माणसं. ७० मुलांनी आई किंवा वडील गमावले, त्यांतल्या १८ जणांचे दोघेही गेले. सहा खेळाडूंची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. त्यांना गावातल्या स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं.

मग उरलं कोण? नेट रफिनसारखे दुखापतीमुळे घरी राहिलेले. रेड डॉसन आणि आणखी एक सहायक प्रशिक्षक, जे नवे खेळाडू हेरायला मोटारीने निघाले होते. या दुसऱ्या सहायकाने जाताना विमानाने प्रवास केला होता, परतताना एका सहकाऱ्याशी जागेची अदलाबदल केली. मोटारीतल्या रेडिओवर त्यांना बातमी कळली. आणि उरली ती पहिल्या वर्षाची मुलं. मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती, म्हणून विमानात नव्हती. त्या कंटाळवाण्या नियमाने त्यांना वाचवलं होतं.

त्यात योगायोग असा की त्याच शरदात, सहाच आठवडे आधी, २ ऑक्टोबरला, कॅन्ससच्या विचिटा स्टेट विद्यापीठाची टीम दोन विमानांनी यूटाला निघाली होती. एका विमानात मुख्य खेळाडू, दुसऱ्यात राखीव. पहिलं विमान कोलोरॅडोच्या डोंगरात कोसळलं, ३१ जण गेले. दुसरं सुखरूप उतरलं. राहिलेल्या मुलांनी हंगाम पुढे खेळायचा की नाही यावर मतदान केलं. ७६ विरुद्ध १, खेळायचं. एनसीएएने पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची सूट दिली. तीन आठवड्यांनी ती टीम अर्कान्सासपुढे उभी राहिली आणि ६२-० अशी हरली. या गोष्टीचं सगळे भरभरून कौतुक करतात. मला मात्र त्या एका विरुद्ध मताचं कुतूहल आहे. त्या पोराला काय वाटलं असेल?

मार्शलने त्या वर्षीचा उरलेला एक सामना रद्द केला. तो ओहायो विद्यापीठाशी होता. फुटबॉल बंदच करावा असं म्हणणारे गावात होते आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरातून माणूस गेलाय, त्यांनी पुढच्या सप्टेंबरात त्याच हिरव्या जर्सीवर दुसरं पोर बघायचं? पण रफिन आणि बाकीच्यांनी लावून धरलं आणि टीम राहिली. प्रशिक्षक मिळेना. पहिला नेमला तो काही दिवसांत परत गेला. शेवटी मार्च १९७१मध्ये ओहायोतल्या वूस्टर नावाच्या लहानशा कॉलेजातून जॅक लेंगिल आला.

त्याच्या हाताशी काय होतं? अपघातातून राहिलेले थोडे, आदल्या वर्षीची पहिल्या वर्षाची मुलं, जी आता दुसऱ्या वर्षात गेली होती, आणि कॉलेजातून ‘येतोस का रे’ म्हणत गोळा केलेले. लाथ मारायला आपला फुटबॉल, म्हणजे तिकडचा सॉकर, खेळणारा एक मुलगा घेतला. तरी संख्या भरेना. विचिटाला दिली तशीच सूट एनसीएएने मार्शललाही दिली : या हंगामात पहिल्या वर्षाच्या मुलांनी खेळलं तर चालेल. जो नियम आधी पाळला गेला म्हणून काही मुलं जगली, तोच आता बाजूला ठेवला म्हणून टीम उभी राहिली.

पोरं अंगाने लहान, समोरचे दांडगे. लेंगिल त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात तिथला प्रशिक्षक बॉबी बाउडन याच्याकडे गेला. बाउडनने आपल्या डावपेचांचं दप्तरच उघडून दिलं. याच बाउडनच्या मुलांनी अपघातानंतर हेल्मेटवर हिरवा क्रूस आणि ‘एमयू’ ही अक्षरं लावली होती. तिथून लेंगिलने ‘व्हीअर’ नावाची पद्धत उचलली. एरवी समोरच्या प्रत्येक बचावपटूला कुणीतरी अडवावं लागतं. व्हीअरमध्ये एकाला मुद्दाम मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू ज्याच्या हातात तो, त्या मोकळ्या गड्याकडे बघत राहतो. तो आत झेपावला तर चेंडू आपल्याकडे ठेवून बाहेरून पळायचं, तो थांबला तर आतल्या साथीदाराला द्यायचा. माणूस कमी पडतो, त्याची भरपाई डोळ्याने करायची.

पहिला सामना मोरहेड स्टेटशी, हरले २९-६. २५ सप्टेंबर १९७१ला हंटिंग्टनच्या फेअरफिल्ड स्टेडियमवर घरचा पहिला सामना, सिनसिनाटीच्या झेव्हियर विद्यापीठाशी. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा झेव्हियर १३, मार्शल ९. तीन गुणांची लाथ उपयोगाची नाही, रेष पार करायलाच हवी. सरकत सरकत ते तेरा यार्डांवर आले आणि घड्याळात एका डावापुरते क्षण उरले.

हा डाव कबड्डीवाल्यांना लगेच कळेल. चढाईवाल्याला आपण आत येऊ देतो, तो बोनसच्या लोभाने खोल शिरला की कोपरे मिटतात. इथे उलटं, चेंडूवाले हेच करतात. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर चेंडू घेऊन एका बाजूला धावत सुटला. झेव्हियरचे गडी त्याच्यामागे झेपावले, त्याने त्यांना जवळ येऊ दिलं, आणि वळून चेंडू पार दुसऱ्या बाजूला टाकला. तिकडे टेरी गार्डनर उभा होता, पुढे वाट काढून देणारे साथीदार, आणि रेषेपर्यंत मोकळं मैदान. १५-१३.

आता त्या दोघांकडे बघा. ऑलिव्हर आदल्या वर्षी पहिल्या वर्षात होता, म्हणून विमानात नव्हता. गार्डनर या वर्षी पहिल्या वर्षात होता, म्हणजे नियमाप्रमाणे त्याने मैदानात उतरायचंच नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी जावयाला हाक मारली, म्हटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? तर त्याच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

सामना संपला तरी लोक घरी जाईनात. खेळाडू आंघोळ करून बाहेर आले तरी माणसं तिथेच होती. सिनेमावाल्यांनी पुढे या कथेवर सिनेमा काढला, त्यांना इथे थांबणं परवडतं. टीमला पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायचं होतं. तोच तो मायामीविरुद्धचा ६६-६. हे ओहायोतलं मायामी विद्यापीठ, फ्लोरिडातलं नव्हे. पुढच्या सामन्यांपैकी पाचांत या मुलांना एकही गुण मिळाला नाही. मध्येच ऑक्टोबरच्या शेवटी बोलिंग ग्रीनला १२-१०ने हरवलं. बस, तेवढंच. लेंगिल १९७४पर्यंत राहिला. त्याचा एकूण हिशोब ९ विजय, ३३ पराभव. डॉसनने तो एक हंगाम केला, मग प्रशिक्षकपण सोडून बांधकामाच्या धंद्यात गेला.

मार्शलला जिंकण्याचं प्रमाण पराभवांपेक्षा जास्त असलेला हंगाम बघायला १९८४ उजाडलं. नव्वदच्या दशकात मात्र त्यांनी जिंकायचा सपाटा लावला. त्यावरून ‘बघा, जिद्द असली की’ असं म्हणायचा मोह होतो. पण विचिटाची जिद्द काय कमी होती? तिथे १९८६च्या हंगामानंतर फुटबॉल बंद झाला, कारण पैसा पुरेना. आणि ज्यांना हरवून मार्शल अजरामर झालं, त्या झेव्हियरने तर १९७३नंतरच गाशा गुंडाळला. १९७२पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळीकडेच खेळायची मुभा मिळाली. तो नियम गेला.

मी हंटिंग्टनला गेलो तो डिसेंबरात. विद्यापीठाच्या आवारात हॅरी बर्तोया या शिल्पकाराने केलेलं स्मारक-कारंजं आहे, तांब्याच्या नळ्या जोडून वर उमलल्यासारखं. दरवर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं पाणी बंद करतात ते वसंतापर्यंत. त्यामुळे मला कोरडंच बघायला मिळालं. नळ्यांवर हिरवट गंज, तळाशी पानं, आणि कडेला एक मुलगी हातमोजे काढून फोनवर काहीतरी टाइप करत बसलेली.

तर १९७१चा नोव्हेंबर. १३ तारखेला समोर टोलेडो, तीन हंगाम एकही सामना न हरलेली टीम. ४३-०. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध. त्यानंतर सहा दिवसांनी, २० तारखेला, हंगामाचा शेवटचा सामना. तो ओहायो विद्यापीठाशी होता, आदल्या वर्षी राहून गेलेला. या वेळी झाला. ३०-० असे हरले.