दोन मिलिग्रॅमचे राजकारण

पडद्यावर दिसते आहे ते मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मान्झानिलो बंदर. कारखान्यांना लागणारी रसायने येथे कायदेशीर मार्गाने उतरतात आणि त्यांच्याच आडून चीनहून फेंटानिल या अत्यंत तीव्र वेदनाशामकाचा कच्चा मालही येतो. मेक्सिकोच्याच सिनालोआ राज्यातील छुप्या प्रयोगशाळांत त्याच्या गोळ्या बनतात. त्यांतील बराचसा माल आडरानातून नव्हे, तर अधिकृत सीमानाक्यांवरूनच, मोटारींच्या पोकळ्यांत दडवून अमेरिकेत शिरतो.

बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेले हे औषध शस्त्रक्रियागृहात आजही वापरले जाते. मात्र मॉर्फिनपेक्षा सुमारे १०० पट प्रभावी असलेल्या या पदार्थाचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंमागे फेंटानिलसारखी कृत्रिम ओपिऑइड्स, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये होती.

एवढ्या मृत्यूंनंतर हा प्रश्न पोलिसांपुरता उरणे शक्यच नव्हते. डिसेंबर २०१८मध्ये ब्युनोस आयरिस येथे झालेल्या डोनाल्ड ट्रम्प-शी जिनपिंग भेटीनंतर चीनने १ मे २०१९पासून फेंटानिलवर्गीय सर्वच पदार्थ नियंत्रणाखाली आणले. तयार माल पाठवणे अवघड झाले, तसे व्यापारी कच्च्या रसायनांकडे वळले. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या आणि संतापलेल्या चीनने अमली पदार्थांविरोधातील सहकार्य थांबवले. ज्या वादाचा या गोळ्यांशी काडीचाही संबंध नव्हता, त्यापायी तपासाचे महत्त्वाचे दार बंद झाले. ते पुन्हा उघडायला नोव्हेंबर २०२३मधील बायडेन-शी भेट व्हावी लागली.

२०२५मध्ये ट्रम्प यांनी चीन, मेक्सिको आणि कॅनडावर याच कारणासाठी आयातशुल्क लादले. कॅनडाचे नाव त्यात पाहून भुवया उंचावतात, कारण २०२४च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या उत्तर सीमेवर सुमारे २० किलो फेंटानिल पकडले गेले, तर दक्षिण सीमेवर साडेनऊ हजार किलोंच्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे झालेल्या ट्रम्प-शी भेटीनंतर चीनवरील हे शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. त्या बदल्यात चीनने रसायनांच्या निर्यातीवर अधिक कडक नजर ठेवायची होती.

दरम्यान, नायटाझिन नावाचा ओपिऑइडांचा दुसराच वर्ग अनेक देशांच्या बाजारांत पोहोचला आहे. त्याची रासायनिक रचना वेगळी असल्याने फेंटानिलच्या कच्च्या मालावर घातलेली बंधने त्याला लागू पडत नाहीत.