पडदा पुसला, आवाज राहिला

नमस्कार श्रोतेहो.

घराची एक जुनी किल्ली घ्या आणि पियानोच्या जाड, खर्जातल्या तारेवरून खरखर ओढत न्या. असं डोळ्यांसमोर आणा, कारण १९६३ साली लंडनमध्ये बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेत ब्रायन हॉजसन नावाच्या माणसानं नेमकं हेच केलं होतं. किल्ली त्याच्या आईच्या घराची होती. तो आवाज त्यानं टेपवर घेतला, त्याच्यावर प्रतिध्वनी चढवला, आणि काळाच्या पाठीवर कुठेही जाऊ शकणाऱ्या एका यानाला आवाज मिळाला. त्या यानाचं नाव टार्डिस. बाहेरून बघाल तर पोलिसांच्या टेलिफोनची निळी लाकडी खोली, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी. आत शिरलात की घरंच्या घरं मावतील एवढं मोठं. आणि ते यान चालवणारा जो कुणी आहे, त्याला सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. मालिकेचं नाव, ‘डॉक्टर हू’.

ही मालिका आमच्या सांगलीत कोण बघतं, असं तुम्हाला वाटेल. आम्ही बघतो. दर रविवारी संध्याकाळी माझ्या घरी पाच-सहा जण जमतात. मिरजेच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करणारी माझी भाची, हे वेड घरात तिनं आणलं. तिचा कॉलेजातला एक मित्र. मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेले आमचे शेजारी. आणि मिरजेचे एक तंतुवाद्य कारागीर, त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. मी स्वतः शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. भडंगाचा डबा मध्ये ठेवायचा, एक भाग बघायचा, आणि मग दोन तास त्याच्यावर बोलायचं. बघण्यापेक्षा बोलणंच जास्त चालतं.

उस्तादांची गंमत सांगते. पहिल्या दिवशी त्यांना मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकवलं. ते डोळे मिटून बसले आणि म्हणाले, “यात कुठंतरी एक तार छेडलेली आहे. पण जवारी नाही तिला.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला येतो तो घुमारा. आम्ही सगळे गप्पच झालो. कारण खरंच तसं आहे. रॉन ग्रेनर यांनी चाल लिहिली आणि डेलिया डर्बिशायर या बाईंनी ती उभी केली, एकही वादक न बसवता. छेडलेल्या एका तारेचा आवाज टेपवर घ्यायचा, टेप कमी-जास्त वेगानं फिरवून त्यातून वेगवेगळे स्वर काढायचे, मग एकेका स्वराचा तुकडा ब्लेडनं कापून दुसऱ्याला चिकटवायचा. बाकीचे सूर विजेच्या उपकरणांतून काढलेले. संगणक नाही, सिंथेसायझर नाही. उस्तादांनी ती हकिगत माझ्याकडून तीनदा ऐकली. तार कुठल्या धातूची होती, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते काही मला सांगता आलं नाही.

आपल्या मातीचाही एक धागा यात आहे. पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. लखनौत जन्मलेला, पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट, त्याही तिशीच्या आतल्या. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. लोकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून पुढच्या शनिवारी तोच भाग पुन्हा दाखवला आणि मग दुसरा लावला.

आता आमच्या भांडणांकडे येते. सगळ्यात मोठं भांडण, खरा डॉक्टर कोणता? झालं असं, की पहिले डॉक्टर, विल्यम हार्टनेल, तीन वर्षांत आजारानं थकले. मालिका तर लोकांना हवी होती. तेव्हा कर्त्या मंडळींनी ठरवलं, की हा परग्रहावरचा माणूस आहे, मरणाच्या दारात आला की त्याचं शरीर बदलतं. माणूस तोच, आठवणी त्याच, पण चेहरा वेगळा आणि स्वभावही वेगळा. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा उमटला.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात. बालगंधर्व इथल्याच नागठाण्याचे, नाटककार देवल हरिपूरचे. एकाच भूमिकेत चार पिढ्यांचे नट बघणं आणि रात्री दीड वाजता नाट्यगृहाबाहेर ‘त्यांची सर याला नाही’ म्हणून हमरीतुमरीवर येणं, हे आपल्या रक्तात आहे. दिवाणजींनी पहिल्याच रविवारी विचारलं, “म्हणजे इथं नट बदलतो ते नाटकातच लिहिलेलं असतं होय?” हो, तसंच आहे. रंगभूमीवर नट बदलला की प्रेक्षकानं न बघितल्यासारखं करायचं असतं. इथे ते बदलणंच कथा होऊन बसलं आणि म्हणून मालिका साठ वर्षं टिकली. दिवाणजी टॉम बेकरवाले, लांबलचक मफलर घालणारा तो डॉक्टर, १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं. भाची जोडी व्हिटेकरवाली, त्या पहिल्या बाई डॉक्टर. मी ट्राउटनवाली. या माणसाला घाबरता येतं. संकट समोर आलं की त्याचे हात थरथरतात, आणि तरी तो तिथून हलत नाही. मला शूरांपेक्षा असा माणूस जवळचा वाटतो.

दुसरं भांडण दोन रविवार चाललं. १९७५ ची एक कथा आहे, ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’. डालेक म्हणजे पत्र्याच्या कवचात बसलेले, दयामाया नसलेले जीव, डॉक्टरचे जुने वैरी. त्यांच्या जन्माच्या वेळीच डॉक्टर तिथे पोचतो. स्फोटकं लावून झालेली, हातात वायरीची दोन टोकं. ती एकमेकांना लावली की डालेक जन्मण्याआधीच संपतील, पुढचे कोट्यवधी बळी वाचतील. आणि तो थांबतो. मला हा अधिकार आहे का, असं विचारतो. भाचीचा मित्र ताडकन म्हणाला, लावायलाच पाहिजे होत्या, एवढ्या लोकांचे जीव आहेत. दिवाणजी बराच वेळ भडंगातले शेंगदाणे वेचत होते. मग म्हणाले, “कंसानं तरी वेगळं काय केलं? हा पुढं जाऊन मला मारणार म्हणून देवकीची पोरं आपटलीच की.” मित्र म्हणाला, कंस स्वतःच्या जिवासाठी करत होता, डॉक्टर दुसऱ्यांसाठी. दिवाणजी म्हणाले, “ज्याच्या हातात पोर असतं त्याला प्रत्येक वेळी कारण चांगलंच वाटतं.” पुढच्या रविवारी मित्र वहीत मुद्दे लिहून घेऊन आला. अजून कुणी माघार घेतलेली नाही. शाळेत मूल्यशिक्षणाचे इतके तास घेतले मी, पण असा एकही रंगला नव्हता.

पण श्रोतेहो, आज मी बोलायला आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

पहिल्या सहा वर्षांतले, म्हणजे हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या काळातले नव्वदहून जास्त भाग अजून हरवलेले आहेत. चोरीला गेले नाहीत, जळाले नाहीत. बीबीसीनंच पुसले. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरायची. भाग पुन्हा दाखवायचा तर कलाकारांच्या करारांची अडचण. त्यात रंगीत दूरदर्शन आलं, मग काळे-पांढरे कोण विकत घेणार? परदेशी विकण्यासाठी केलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे टाकून दिल्या. हे १९७० च्या दशकापर्यंत चाललं होतं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही, हे मला कळतं. तरी मला त्याचा राग येतो.

आणि तरीसुद्धा, हरवलेल्या त्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. एकूण एक भागाचा. तो राखला शाळकरी पोरांनी. शनिवारी संध्याकाळी, घरातल्यांना गप्प बसवून, दूरदर्शन संचासमोर मायक्रोफोन धरून बसायची ही मुलं. एकानं तर संचाच्या आत हात घालून स्पीकरच्या वायरींनाच टेपरेकॉर्डर जोडला, म्हणजे खोलीतला खोकला, खुर्चीची करकर काहीच येणार नाही. पुन्हा दाखवणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. आठवडाभर भाग परत परत ऐकायचा आणि मित्रांशी वाद घालायचा, एवढ्यासाठीच हा उद्योग. जॉन क्यूरा नावाचे गृहस्थ पडद्याचे फोटो काढून कलाकारांना विकायचे, तेही आता अनमोल झाले. या आवाजांवर नवी चित्रं काढून २०१६ मध्ये ट्राउटन यांची पहिली, सहा भागांची कथा पुन्हा उभी केली गेली. आणि २०१३ मध्ये जाहीर झालं, की फिलिप मॉरिस नावाच्या शोधकाला नायजेरियातल्या जोस शहरात, प्रक्षेपण केंद्राच्या अडगळीत फिल्मचे डबे सापडले. त्यांत हरवलेले नऊ भाग होते.

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. आमचं जुनं घर मारुती चौकाजवळ. माझे वडील याच आकाशवाणीवरचं नाट्यसंगीत कॅसेटवर घ्यायचे. रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा, आईला सांगायचं कुकर उतरव, आम्हाला ओटीवर बसवायचं. आणि बटण दाबल्यावर, गाणं सुरू व्हायच्या आधी, ते स्वतः बोलायचे. आजची तिथी, वार, आणि पावसाळा असेल तर कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे ते. मग पद सुरू. दीडशेच्या वर कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही कागदपत्रं, औषधं आणि म्हातारी सासू घेऊन निघालो. आठ दिवसांनी दार ढकललं तेव्हा कॅसेटींचं कपाट चिखलात आडवं पडलेलं. उन्हात वाळवल्या, फिती धुतल्या, एकही वाजली नाही. माझ्या हातून राहिलं ते. दोन पिशव्या भरून माळ्यावर ठेवायला दहा मिनिटं लागली असती.

मग दिवाळीत तासगावचे आतेभाऊ आले. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, वडिलांनी कधीकाळी ऐकायला दिलेली, परत करायची राहून गेलेली. उस्तादांनी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. बटण दाबलं. फितीची सरसर, आणि मग माझे वडील, “आज नागपंचमी, गुरुवार. पाणी अठ्ठावीस फूट, उतरतंय.”

भाचीनं जोसच्या डब्यांची हकिगत मला सांगितली ती त्या रात्री. तोवर ही मालिका म्हणजे पोरांचं खूळ असं मी समजत होते. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही.

आता एका भागाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये लागलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टरची सोबतीण यास्मिन आपल्या आजीचा भूतकाळ बघायला जाते आणि पोचते १९४७ च्या ऑगस्टमध्ये, फाळणीच्या रेषेवर. मुसलमान उंबरीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न लागतं आहे. तिथे दोन भयंकर दिसणारे परग्रहवासी फिरतायत, आपल्याला वाटतं हेच मारेकरी. तसं नसतं. त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झालेला, तेव्हा आपल्या माणसांच्या शेवटच्या क्षणी जवळ कुणीच नव्हतं. म्हणून जिथे कुणी एकटं मरतं तिथे ते जाऊन उभे राहतात, बघतात, लक्षात ठेवतात. प्रेमला मारायला येतो त्याच्या सख्ख्या भावाचा जमाव. शेवटी शीर्षकसंगीताची तीच चाल आपल्याकडच्या गायकीत येते. त्या रविवारी वाद झाला नाही. भडंगाचा डबा उघडलाच नव्हता, हे सगळे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मालिका १९८९ मध्ये बंद पडली होती, २००५ मध्ये परत आली, ती परत आणणारे रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचे चाहते. पीटर कॅपाल्डी पंधरा वर्षांचे असताना त्यांचं या मालिकेबद्दलचं पत्र मासिकात छापून आलं होतं, १९७४ साली. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले.

गेल्या रविवारी आम्ही हार्टनेल यांचा शेवटचा भाग ऐकला. ऐकलाच, कारण चित्र नाही. चेहरा बदलतो तो छोटा तुकडा तेवढा वाचलाय, कारण १९७३ मध्ये लहान मुलांच्या एका कार्यक्रमानं तो दाखवण्यासाठी घेतला होता. बाकी सगळं पोरांच्या टेपमधून. नभोनाट्य ऐकायला बसतो तसे दिवे घालवून बसलो. बर्फाचा वारा, म्हाताऱ्या डॉक्टरचं दम लागलेलं बोलणं, टार्डिसचं दार, मग ती यंत्रांची घरघर वाढत जाते आणि थांबते. कुणी दिवा लावला नाही. बाहेर रिक्षा गेली एक.

मग अंधारातच उस्तादांचा आवाज आला, “दारापासून परत लाव गं.”

भाचीनं परत लावलं.